बेचुआनालँडचं संरक्षण नेमकं कुणापासून होतं?

प्रश्न असा आहे: "१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेची वाटणी झाली असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग बेचुआनालँड, म्हणजे आजचा बोट्स्वाना, ब्रिटिशांची वसाहत न होता 'संरक्षित प्रदेश' का झाला? जर्मन, बोअर आणि पोर्तुगीज यांचे दावे तिथे कसे अडकले? आणि हे संरक्षण कुणाचं, कुणापासून?"

मी आफ्रिकेचा इतिहास शिकवतो. त्यातही दक्षिणेकडच्या सीमांचे तह, जाहीरनामे आणि नकाशे हा माझा रोजचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. ब्रिटननं १८८५ मध्ये संरक्षण दिलं ते एका रस्त्याला, आणि ते जर्मन व बोअर (दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले डच वंशाचे गोरे) या दोघांपासून. तिथे राहणाऱ्या त्स्वाना लोकांना त्या वेळी कुणी विचारलंही नव्हतं. पण ज्यांना विचारलं नाही त्यांनीच पुढे दहा वर्षांत ते पोकळ संरक्षण ब्रिटिशांच्या गळ्यात बांधलं आणि त्याच्या जोरावर आपली जमीन वाचवली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि पाठ्यपुस्तकांत ती एखाद्या ओळीत उरकली जाते.

आधी बर्लिनचा गैरसमज दूर करू. परिषद १५ नोव्हेंबर १८८४ ला भरली आणि २६ फेब्रुवारी १८८५ ला संपली. बहुतेक चर्चा काँगो आणि नायजर नद्यांवरचा व्यापार आणि जलवाहतूक यांची होती. आफ्रिकेच्या दक्षिण भागातली एकही सीमारेषा त्या टेबलावर आखली गेली नाही. मात्र तिथल्या ठरावातली दोन कलमं आपल्या विषयाला लागू पडतात. कलम ३४ सांगतं की एखाद्या सत्तेनं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नवा मुलूख घेतला किंवा संरक्षण जाहीर केलं, तर तिनं सही करणाऱ्या इतर सत्तांना तसं कळवावं. कलम ३५ सांगतं की किनाऱ्यावर घेतलेल्या मुलखात व्यवस्था ठेवण्याइतकी सत्ता प्रत्यक्षात असली पाहिजे. ब्रिटनच्या आग्रहामुळे या दुसऱ्या कलमातून संरक्षित प्रदेश वगळले गेले. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की वसाहत म्हटली की न्यायाधीश, पोलीस, खर्च असं सगळं आलं. संरक्षण जाहीर केलं तर एक खलिता पाठवला की भागलं. लंडनच्या तिजोरीवर बसलेल्या मंडळींना हा प्रकार का आवडला, हे वेगळं सांगायला नको.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. साल १८८०. दक्षिणेला ब्रिटिशांची केप वसाहत, पूर्व किनाऱ्यावर नाताळ. आत ऑरेंज फ्री स्टेट हे बोअरांचं प्रजासत्ताक. त्याच्या उत्तरेचा ट्रान्सवाल १८७७ मध्ये ब्रिटननं गिळला होता आणि बोअरांनी लढून १८८१ मध्ये परत मिळवला. पूर्वेला डेलागोआ उपसागर पोर्तुगालकडे. त्यावर ब्रिटनचाही दावा होता, पण फ्रान्सचे अध्यक्ष मॅकमहोन यांनी लवाद म्हणून १८७५ मध्ये तो पोर्तुगालला दिला. पश्चिमेला वाळवंटी किनारा, जो कुणालाच नको होता. आणि मधोमध, ट्रान्सवालची पश्चिम कड आणि कलहारीचं वाळवंट यांच्यामध्ये, त्स्वाना राज्यांची एक चिंचोळी पट्टी. पाणी याच पट्टीत असल्यामुळे केपकडून उत्तरेला झांबेझीकडे जाणारा रस्ताही याच पट्टीतून जायचा: कुरुमान, मोलेपोलोले, शोशाँग. हस्तिदंताचे व्यापारी, शिकारी, मिशनरी, सगळ्यांची ये-जा त्यावरून. या रस्त्याला सेसिल ऱ्होड्स, केपमधला खाणमालक आणि राजकारणी, आतल्या मुलखाचा सुएझ कालवा म्हणत असे. पुढचं सगळं भांडण या रस्त्याचं आहे.

पश्चिमेच्या त्या वाळवंटी किनाऱ्याबद्दल लंडनला वेळीच सावध करणारा माणूस आपल्याकडच्या वाचकांच्या ओळखीचा आहे: सर बार्टल फ्रियर. हा आधी साताऱ्याचा रेसिडेंट होता. १८४८ मध्ये शहाजीराजे वारल्यावर डलहौसीनं दत्तक नाकारून सातारा खालसा केलं, तेव्हा फ्रियरनं त्याला विरोध नोंदवला होता आणि खालसा झाल्यावर तिथला पहिला कमिशनरही तोच झाला. पुढे मुंबईचा गव्हर्नर, आणि १८७७ पासून दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर. साताऱ्याच्या बाबतीत राजाच्या बाजूनं बोललेल्या या माणसानं झुलू राजा सेत्श्वायोला डिसेंबर १८७८ मध्ये असा निर्वाणीचा खलिता दिला की युद्धाशिवाय दुसरा मार्गच राहिला नाही. फ्रियरचं म्हणणं होतं की पोर्तुगीज अंगोलापर्यंतचा सगळा पश्चिम किनारा ब्रिटननं घेऊन टाकावा. लंडननं खर्चाकडे पाहून फक्त वॉल्विस बे हे बंदर आणि त्याच्या आसपासचा तुकडा मार्च १८७८ मध्ये घेतला. बाकीचा किनारा मोकळा राहिला.

त्या मोकळ्या किनाऱ्यावर १८८३ मध्ये ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी आडोल्फ ल्युडेरिट्झ उतरला. म्हणजे त्याचा एजंट उतरला. आंग्रा पेकेना या खाडीभोवतीची जमीन त्यानं बेथनीचा नामा राजा जोसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून शंभर पौंड आणि दोनशे रायफली देऊन घेतली. काही महिन्यांनी दुसरा करार झाला. ऑरेंज नदीपासून २६ व्या अक्षांशापर्यंतचा किनारा, आणि किनाऱ्यापासून आत वीस मैल. किंमत पाचशे पौंड आणि साठ रायफली. या 'वीस मैलां'पाशी थांबायला हवं. फ्रेडरिक्सच्या मुलखात मैल म्हटलं की लोकांना ठाऊक होता तो इंग्रजी मैल, सुमारे १.६ किलोमीटरचा. करारात लिहिला होता 'भौगोलिक मैल', म्हणजे जर्मन मैल, सुमारे ७.४ किलोमीटरचा. राजाला वाटलं आपण बत्तीस किलोमीटर रुंदीची वाळू विकली. कागदावर जवळजवळ दीडशे किलोमीटर गेले, आणि त्यात त्याच्या लोकांचा बहुतेक सगळा चराऊ मुलूख होता. ही नजरचूक नव्हती. फ्रेडरिक्सचा समज तूर्त तसाच राहू द्या, असं ल्युडेरिट्झनं आपल्या माणसाला पत्रानं कळवलेलं आहे. फ्रेडरिक्सनं पुढे तक्रारी केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. तो करार मी वर्गात दरवेळी वाचून दाखवतो, कारण 'राजांनी जमिनी विकल्या' या वाक्यामागे काय काय दडलेलं असतं ते त्या एका शब्दात उघडं पडतं.

जर्मन चान्सलर बिस्मार्कनं ब्रिटनला विचारलं की या किनाऱ्यावर तुमचा हक्क आहे का. लंडननं केपला विचारलं, केपनं खर्चाची बोलणी लावली, महिने गेले. २४ एप्रिल १८८४ ला बिस्मार्कनं केप टाउनमधल्या आपल्या कॉन्सलला तार केली की ल्युडेरिट्झची मालमत्ता जर्मन साम्राज्याच्या संरक्षणाखाली आहे. केपच्या संसदेला जुलैमध्ये जाग आली आणि तिनं किनारा जोडून घेण्याचा ठराव केला. ऑगस्टमध्ये आंग्रा पेकेनाला जर्मन झेंडा चढला. गंमत नव्हे, पण जर्मनीनंही तिथे अगदी हाच मार्ग धरला: आधी संरक्षण, तेही एका व्यापाऱ्याच्या खरेदीखताला. प्रत्यक्ष राज्य नंतर.

इकडे त्स्वाना मुलखाच्या दक्षिण भागात वेगळीच लूट चालू होती. मांकुरवाने आणि मोन्तशिवा या राजांची त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांशी भांडणं होती. त्या प्रतिस्पर्ध्यांनी ट्रान्सवालमधून भाडोत्री गोरे आणले, आणि त्यांना लढायच्या बदल्यात जमीन देण्याचं कबूल केलं. लढाई संपल्यावर ही मंडळी जमीन घेऊन गप्प बसली नाहीत. १८८२ मध्ये त्यांनी स्टेलालँड आणि गोशेन अशी दोन 'प्रजासत्ताकं' काढली. स्टेलालँडची राजधानी फ्रायबर्ग. गोशेन ट्रान्सवालच्या सीमेलगत मॅफेकिंगच्या बाजूला, एक शेत आणि चार झोपड्या म्हणावं असं. पण ही दोन्ही बरोबर त्या उत्तरेच्या रस्त्यावर बसली होती. जॉन मॅकेंझी हा लंडन मिशनरी सोसायटीचा मिशनरी इंग्लंडभर व्याख्यानं देत होता की सरकारनं त्स्वाना लोकांना या लुटारूंपासून वाचवावं. ऱ्होड्सला त्स्वाना लोकांचं फारसं सोयरसुतक नव्हतं, त्याला रस्ता केपच्या हाती हवा होता. दोघांची मागणी वरवर एकच दिसते, म्हणून त्यांना एका ओळीत बसवू नका. १८८४ मध्ये मॅकेंझीला तिथला डेप्युटी कमिशनर नेमलं आणि काही महिन्यांतच त्याला बाजूला करून ऱ्होड्सला पाठवलं, यावरून सरकारनं कुणाचं ऐकायचं ठरवलं ते समजतं.

फेब्रुवारी १८८४ च्या लंडन करारानं ट्रान्सवालची पश्चिम सीमा अशी आखली की रस्त्याचा बहुतेक भाग बाहेर राहावा. त्याच कराराचं चौथं कलम सांगतं की ट्रान्सवालनं ऑरेंज फ्री स्टेट सोडून कुठल्याही राज्याशी, तसंच आपल्या पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या टोळ्यांशी राणीच्या मंजुरीशिवाय तह करू नये. उत्तरेचं नाव त्यात नाही. अभ्यासकानं अशा फटींवर बोट ठेवायला शिकलं पाहिजे: १८८७ मध्ये ट्रान्सवालच्या वतीनं ग्रोब्लर उत्तरेला एन्डेबेले राजा लोबेंगुलाकडे तह करायला गेला तो याच फटीतून. पण त्याआधीच, सप्टेंबर १८८४ मध्ये, ट्रान्सवालचा अध्यक्ष क्रूगर यानं गोशेनची बाजू घेऊन मोन्तशिवाचा मुलूख ट्रान्सवालच्या 'संरक्षणाखाली' घेतल्याचं जाहीर केलं. ब्रिटिश दबावाखाली ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे एका वर्षात जर्मन, बोअर आणि ब्रिटिश असे तिघेही त्याच भागात संरक्षण वाटत फिरत होते.

आता लंडनला खरी भीती वाटली. पश्चिमेकडून जर्मन आणि पूर्वेकडून ट्रान्सवाल एकमेकांना जाऊन मिळाले, तर केपचा उत्तरेचा रस्ता कायमचा बंद. म्हणून सर चार्ल्स वॉरनला सुमारे चार हजार सैनिक देऊन पाठवलं. त्याच्याबरोबर टेहळणीचे बलूनसुद्धा होते. जानेवारी १८८५ मध्ये वॉरन आणि क्रूगर यांची भेट झाली आणि गोळी न झाडता दोन्ही प्रजासत्ताकं बरखास्त झाली.

तारखा इथे नीट लावून पाहा. संरक्षणाचा आधार असलेला राणीचा हुकूम २७ जानेवारी १८८५ चा. जर्मनीला त्याची सूचना गेली मार्चमध्ये. आणि वॉरन उत्तरेतल्या राजांना ही गोष्ट समजावून सांगायला निघाला त्यानंतर. शोशाँगला बांग्वातो या त्स्वाना लोकांचा राजा खामा याची भेट झाली मे महिन्यात. बर्लिनला आधी कळलं, ज्यांच्यावर संरक्षण बसवलं त्यांना नंतर. कुठलाही तह अभ्यासताना मी विद्यार्थ्यांना सांगतो की मजकुराआधी तारखांची रांग लावा. कोण कुणाशी बोलत होतं ते मजकुरापेक्षा तिथे लवकर दिसतं.

राजांची उत्तरंही वेगवेगळी होती. बांग्वातोंचा खामा उत्तरेकडच्या एन्डेबेलेंच्या स्वाऱ्यांनी आणि ट्रान्सवालच्या दांडगाईनं त्रासलेला होता, त्यानं संरक्षण आनंदानं घेतलं. ब्रिटिश वस्तीसाठी मोठा मुलूख देऊ केला आणि बरोबर आपल्या अटीही घातल्या: आमचे कायदे राहतील, दारू येणार नाही, जमीन विकली जाणार नाही. बाक्वेनांचा सेचेले आणि बांग्वाकेत्सेंचा गासेइत्सिवे यांनी मात्र उलट प्रश्न केले. आमच्यावर शत्रू चालून आलेला नसताना हे संरक्षण कशासाठी, ही त्यांची शंका होती, आणि ती रास्त होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये मोलोपो नदीवर रेघ मारून मुलखाचे दोन भाग केले. दक्षिणेचा भाग ब्रिटिश बेचुआनालँड ही थेट राणीची वसाहत, जी १८९५ मध्ये केपला जोडली गेली आणि आज दक्षिण आफ्रिकेत आहे. उत्तरेचा भाग बेचुआनालँड संरक्षित प्रदेश, आणि तो २२ व्या अक्षांशावर थांबवलेला. ही रेघ खामाच्या राज्याच्या मधूनच गेली. १८९० मध्ये ती उत्तरेला सरकवली तेव्हा कुठे त्याचं राज्य एका बाजूला आलं. उत्तरेच्या भागाचं करायचं काय, याबद्दल हाय कमिशनर सर हर्क्युलिस रॉबिन्सननं १८८५ मध्ये लंडनला जे कळवलं त्याचा आशय असा: मोलोपोच्या उत्तरेकडे आपल्याला आतल्या मुलखात जाणारा रस्ता सोडला तर स्वारस्य नाही, तिथे लुटारूंनी किंवा परक्या सत्तांनी ठाण मांडू नये एवढंच पाहावं आणि कारभार शक्य तितका कमी करावा. कारभाराचं मुख्य ठाणं तर या प्रदेशात नव्हतंच. ते पुढे स्थिरावलं मॅफेकिंगला, म्हणजे सीमेच्या बाहेर दक्षिण आफ्रिकेत, आणि १९६५ मध्ये गॅबरोनला हलेपर्यंत तिथेच होतं.

कायद्याच्या बाजूनं हे प्रकरण मराठी वाचकाला संस्थानांवरून लवकर समजेल. कोल्हापूरच्या किंवा सांगलीच्या प्रजेसारखेच त्स्वाना लोक कायद्यानं ब्रिटिश प्रजाजन नव्हते, 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' होते. पण साम्य इथेच संपतं. आपल्याकडे बहुतेक मोठ्या संस्थानांशी लेखी तह होते, भले ते कितीही असमान असोत; त्यांचा हवाला देऊन संस्थानिक भांडू शकत. बेचुआनालँडमध्ये सगळा डोलारा उभा राहिला तो राणीच्या एकतर्फी हुकमांवर आणि १८९० च्या फॉरेन ज्युरिस्डिक्शन कायद्यावर. त्याची धार बाटावानांचा राजा सेखोमा लेत्शोलाथेबे याला लागली. गादीच्या वादात त्याला १९०६ मध्ये पकडून खटला न चालवता डांबून ठेवलं. लंडनच्या अपील न्यायालयानं १९१० मध्ये निकाल दिला तो असा की बेचुआनालँड हा परका देश आहे, ब्रिटिश मुलूख नव्हे. आणि तरीही हाय कमिशनरनं जाहीरनामा काढून त्याला अटकेत ठेवणं वैध आहे. परका देश म्हणून इंग्रजी कायद्याची ढाल मिळाली नाही, आणि संरक्षित म्हणून तुरुंग मात्र मिळाला. मला हा निकाल वाचताना आजही राग येतो.

आता पोर्तुगाल. अंगोला आणि मोझांबिक यांना जोडणारा सलग मुलूख आपला, असं दाखवणारा गुलाबी रंगाचा नकाशा लिस्बननं १८८६-८७ च्या सुमारास पुढे केला. जर्मनी आणि फ्रान्स यांच्याशी केलेल्या करारांत त्याला मान्यताही मिळवली. ब्रिटननं मुळीच मान्य केलं नाही. दावा शतकानुशतकांच्या जुन्या वावरावर होता. प्रत्यक्ष सत्ता मात्र झांबेझीच्या खोऱ्यातल्या जमीनदारांच्या खाजगी फौजांवर चालत होती, आणि त्यातला सगळ्यात बलाढ्य जमीनदार गोव्यात जन्मलेला होता. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, त्यामुळे गोवेकरांचं तिथलं जाणं-येणं जुनं. मानुएल आंतोनियो द सोसा, स्थानिक लोकांत 'गोव्हेया' म्हणून ओळखला जाणारा, १८५० च्या दशकात आफ्रिकेत गेला आणि गोरोंगोझाभोवती त्यानं स्वतःचं राज्यच म्हणावं असा पसारा उभा केला. त्याच्या बंदुकधारी सैन्याच्या जिवावर पोर्तुगाल मानिकाच्या सोन्याच्या मुलखावर हक्क सांगत होता, आणि मुतासा हा तिथला राजा आपला मांडलिक आहे असं म्हणत होता.

११ जानेवारी १८९० ला ब्रिटिश पंतप्रधान सॅलिसबरीनं लिस्बनला निर्वाणीचा खलिता दिला: शिरे नदीच्या खोऱ्यातून आणि माशोनालँडमधून (आजच्या झिंबाब्वेतल्या) तुमची माणसं मागे घ्या. चौदाव्या शतकापासूनचा मित्र म्हणवणाऱ्या देशानं दिलेला हा दणका पोर्तुगालच्या जिव्हारी लागला. सरकार पडलं, त्या संतापातून रचलेलं गीत पुढे प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या कोल्कहूननं मुतासाकडून सही घेतली. नोव्हेंबरमध्ये सोसा आणि पोर्तुगीज अधिकारी पायवा द आंद्रादा मुतासाच्या गावात असताना कंपनीच्या मेजर फोर्ब्सनं दोघांनाही पकडलं. सोसा दूर गेल्याची संधी साधून त्याच्या हाताखालचा बारुए मुलूख उठला, आणि तिथेच १८९२ मध्ये तो लढाईत पडला. ११ जून १८९१ च्या तहानं मानिका दुभंगलं. आज झिंबाब्वेत मानिकालँड आणि मोझांबिकमध्ये मानिका असे दोन प्रांत दिसतात, ते त्यामुळे.

लोबेंगुलाची हकिगत वेगळ्या उत्तराची आहे, पण एक संदर्भ इथे हवाच. ३० ऑक्टोबर १८८८ च्या रड सवलतीत (ऱ्होड्सच्या भागीदाराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या करारात) त्यानं खनिजांचा हक्क दिला, बदल्यात महिना शंभर पौंड, एक हजार मार्टिनी-हेन्री रायफली, एक लाख काडतुसं आणि झांबेझीवर एक सशस्त्र आगबोट किंवा तिच्याऐवजी पाचशे पौंड ठरले. त्या कागदाच्या बळावर ऑक्टोबर १८८९ मध्ये ऱ्होड्सच्या कंपनीला राणीची सनद मिळाली. लंडनला कारभाराचा खर्च नको होता; कंपनी तो करायला तयार होती. मग बेचुआनालँडचा संरक्षित प्रदेशही कंपनीच्या हवाली करावा असं घाटू लागलं. फुकटात सांभाळलेला रस्ता ऱ्होड्सला हवाच होता, रेल्वेसाठी.

१८९५ मध्ये खामा, सेचेलेचा मुलगा सेबेले आणि गासेइत्सिवेचा मुलगा बाथोएन हे तिघे विलोबी या मिशनऱ्याला बरोबर घेऊन थेट इंग्लंडला गेले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेननं त्यांना कंपनीशीच बोलून घ्या असं सांगितलं आणि तो सुट्टीवर निघून गेला. तिघांनी ती सुट्टी वाया जाऊ दिली नाही. गावोगावी चर्चमध्ये, दारूबंदीवाल्यांच्या सभांत, व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांत ते बोलले. सांगणं साधं होतं: राणीनं आम्हाला संरक्षण दिलं असं तुम्हीच म्हणालात, आम्ही ते मान्य केलं, आता आम्हाला एका कंपनीला कसं देता? कंपनी आली की जमीन जाईल आणि दारू येईल. चेंबरलेन परतला तोवर त्याच्या कार्यालयात राजांच्या बाजूनं अर्जांचा ढीग पडला होता. ६ नोव्हेंबरला तोडगा निघाला. प्रत्येक राजाला सीमा आखलेला मुलूख राणीच्या छत्राखाली राहील. रेल्वेसाठी पूर्वेकडची पट्टी सोडावी. आणि लोकांनी कर द्यावा. महिनाअखेरीआधी विंडसरला राणीची भेटही झाली. हा निर्भेळ विजय नव्हता. पट्टी गेली, कर आला. पण त्या एका दौऱ्यानं दहा वर्षांपूर्वी बर्लिनसाठी काढलेल्या कागदावर ब्रिटिश मतदारांसमोर त्स्वाना राजांची मालकी लागली.

पुढचं काम ऱ्होड्सच्या माणसांनीच केलं. सीमेवरची एक पट्टी कंपनीकडे आधीच ऑक्टोबरमध्ये गेली होती. २९ डिसेंबर १८९५ ला कंपनीचा अधिकारी जेमसन तिथल्या पित्साने या ठिकाणाहून आणि मॅफेकिंगहून सुमारे पाचशे स्वार घेऊन ट्रान्सवालवर चालून गेला, आणि २ जानेवारीला डोर्नकोपला शरण आला. त्या फजितीनंतर कंपनीच्या हाती संरक्षित प्रदेश देण्याची भाषा लंडनमध्ये कुणी उघडपणे करू शकेना. तीन राजांनी दार अर्धं लावलं होतं. जेमसननं ते पूर्ण लोटलं.

शेजारच्या दोन राज्यांशी ताडून पाहिलं की हे नशीब किती सहज हुकलं असतं ते कळतं. बासुटोलँडच्या मोशेशेनं फ्री स्टेटशी दीर्घ लढाया दिल्या आणि १८६८ मध्ये ब्रिटिश छत्र घेतलं, पण कॅलेडन नदीपलीकडची कसदार जमीन गेली ती गेलीच. १८७१ मध्ये तो मुलूख केपला जोडला. केपनं बंदुका काढून घ्यायला सुरुवात केल्यावर सोथो लोकांनी १८८०-८१ मध्ये असा लढा दिला की १८८४ मध्ये तो परत थेट लंडनकडे द्यावा लागला. स्वाझीलँडची कथा अधिक वाईट. राजा म्बांडझेनीनं जमिनीचे, खाणींचे आणि नाना प्रकारच्या मक्त्यांचे कागद गोऱ्यांना इतके वाटले की शेवटी राजाचा महसूल गोळा करण्याचाही मक्ता दिला गेला. १८९४ च्या करारानं हा मुलूख ट्रान्सवालच्या छत्राखाली गेला, बोअर युद्धानंतर ब्रिटनकडे आला, आणि १९०७ च्या वाटणीत स्वाझी लोकांना आपल्याच देशाची साधारण एक तृतीयांश जमीन उरली.

दक्षिण आफ्रिकेचं संघराज्य घडवणाऱ्या १९०९ च्या कायद्यात हे तिन्ही मुलूख पुढेमागे संघराज्याला देण्याची तरतूद परिशिष्टासह लिहून ठेवली होती. प्रिटोरियानं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं, पुढची पन्नास वर्षं ते वारंवार मागितले. पण लोकांचं मत घेतल्याशिवाय हस्तांतर नाही, हे लंडनचं आश्वासन मोडणं वर्णद्वेषी कायदे कडक होत गेले तसं अशक्य झालं. बोट्स्वाना ३० सप्टेंबर १९६६ ला स्वतंत्र झाला. ओरापाचे हिरे सापडले १९६७ मध्ये. हाच क्रम उलटा असता तर लंडन आणि प्रिटोरिया दोघांचंही वागणं कसं असतं, याचा विचार माझ्या मनात येतोच.

राहिला जर्मनीचा शेवटचा दावा. १ जुलै १८९० च्या ब्रिटिश-जर्मन तहात हेलिगोलँड बेट आणि झांझिबार यांच्या देवघेवीबरोबर जर्मनीला झांबेझीपर्यंत पोचायला किमान वीस इंग्रजी मैल रुंदीची पट्टी मिळाली. चान्सलर काप्रिवीच्या नावानं ती ओळखली गेली. पूर्व किनाऱ्यापर्यंत जाण्यासाठी व्हिक्टोरिया धबधबा असलेल्या नदीचा उपयोग नव्हता, आणि पट्टीत राहणारे लोझी राजाच्या छायेतले लोक या वाटाघाटीत कुठेच नव्हते. सीमा चोबे नदीच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून जाईल, एवढंच तहात लिहिलं. मुख्य प्रवाह कोणता, हे लिहिलं नाही. नदीतल्या कासिकिली किंवा सेदुदू या सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरच्या बेटावरून नामिबिया आणि बोट्स्वाना यांच्यात त्यामुळे वाद झाला, आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १३ डिसेंबर १९९९ ला त्या १८९० च्या तहाचा मजकूर, नदीची खोली आणि रुंदी तपासून निकाल दिला: मुख्य प्रवाह बेटाच्या उत्तरेचा, म्हणून बेट बोट्स्वानाचं. नामिबियाच्या बाजूचे मासुबिया शेतकरी त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आले होते. न्यायालयानं ते नाकारलं नाही. त्यामागे राज्यसत्तेचा दावा सिद्ध होत नाही असं म्हटलं, आणि बेटाभोवतीच्या दोन्ही प्रवाहांत दोन्ही देशांच्या लोकांना आणि बोटींना सारखीच वागणूक मिळेल असं निकालात नमूद केलं.